धिस कुठंय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी फोन उचलला जात नाही, कारण तेव्हा टीव्हीवर 'जेपर्डी' ही अमेरिकेतली प्रश्नमंजूषा चालू असते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते : न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं संदर्भ विभागाच्या टेबलावर बसले. येणाऱ्याचा प्रश्न नीट ऐकून घेणं हेच तिथलं काम. या कार्यक्रमावर माझा जीव आहे तो त्यामुळेच.

डिसेंबरात लेकीकडे डॅलसला राहून आलो. जावई रोज हा कार्यक्रम लावतात. त्यात निवेदक उत्तर सांगतो आणि स्पर्धक प्रश्न विचारतात. हा उलटा कारभार कशासाठी? मला आपला 'करोडपती' बरा वाटतो. — एक काका, नाशिक

काका, यामागे एक घोटाळा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचं वेड होतं आणि बक्षिसंही मोठाली होती. १९५६मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा गृहस्थ जिंकत चालला होता. निर्मात्यांना तो नकोसा झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, देखणा, कवीचा मुलगा चार्ल्स व्हॅन डोरेन त्यांना पुढे आणायचा होता. त्यांनी स्टेम्पेलला सांगितलं, अमुक प्रश्नाला चुकीचं उत्तर दे. प्रश्न होता १९५५च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा. उत्तर 'मार्टी'. तो सिनेमा स्टेम्पेलने पाहिलेला होता, आवडलेला होता, आणि तरी सगळ्या देशासमोर त्याला तो माहीत नसल्याचं दाखवावं लागलं. हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं. पैशांचं सोडा, पण येत असलेलं उत्तर गिळायला लावणं हे क्रूर आहे. पुढे त्याने तोंड उघडलं, प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे गेलं, आणि २ नोव्हेंबर १९५९ला व्हॅन डोरेनने उत्तरं आधीच मिळत होती हे कबूल केलं. १९६०मध्ये कायदा झाला आणि असला प्रकार गुन्हा ठरला.

त्यानंतर कित्येक वर्षं कुणी प्रश्नमंजूषेचं नाव काढायला धजेना. मर्व्ह ग्रिफिन हे टीव्हीवरचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी जूलॅन विमानाने न्यूयॉर्कला चालले होते. ग्रिफिन म्हणाले, असा कार्यक्रम आता कसा करणार? स्पर्धकांना उत्तरं देतात म्हणून तर बोंब झाली. जूलॅन म्हणाल्या, मग उत्तरंच देऊन टाक की! आणि त्यांनी लगेच एक घातलं : ५,२८०. ग्रिफिन म्हणाले, एका मैलात किती फूट? काका, तुम्ही फूट-मैल शिकलेल्या पिढीतले, तुम्हीही क्षणात ओळखलं असतंत. ३० मार्च १९६४ला 'जेपर्डी' एनबीसी या वाहिनीवर सुरू झालं. आज जे रूप दिसतं ते १९८४पासूनचं.

खरं तर फळ्यावर येतं ते उत्तरही नसतं. ते एक विधान असतं आणि त्यात एक जागा मोकळी ठेवलेली असते. इथे त्याला क्लू म्हणतात. सहा विषय, प्रत्येकाखाली पाच क्लू, वरून खाली अवघड होत जाणारे. पहिल्या फेरीत २०० ते १,००० डॉलर, दुसऱ्या फेरीत त्याच्या दुप्पट, आणि शेवटी तिघांनाही एकच क्लू, त्यावर आपापल्या कमाईतून लावायची पैज. म्हणजे एका भागात एकसष्ट क्लू. आणि उत्तर 'हू इज' किंवा 'व्हॉट इज' लावून प्रश्नासारखं द्यायचं.

'करोडपती' मलाही मनापासून आवडतो. २०१९मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या तेव्हा इथे आमच्या घरात पेढे वाटले होते. पण तिथे एकच माणूस खुर्चीवर असतो, समोर चार पर्याय आणि विचार करायला वेळ. जेपर्डीत पर्याय नाहीत, आणि शेजारी दोघंजण बझरवर अंगठा ठेवून उभे, जो आधी दाबेल त्याने उत्तर द्यायचं. वरणभात आणि मिसळ यांची तुलना करू नये, दोन्ही जेवावं.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. क्विझचं फार वेड. सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं पाठ करतो. राजधान्या, नद्या, नोबेलवाले, सगळं तोंडपाठ. तरी शाळाशाळांच्या स्पर्धेत मागे पडतो आणि रडतो. कुठे चुकतंय? — एक बाबा, ठाणे

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. चौदाव्या वर्षी जे डोक्यात बसतं ते सत्तराव्या वर्षीही निघत नाही. पण त्याला क्लू उलगडायला कुणी शिकवलेलं दिसत नाही. आज संध्याकाळी त्याला घेऊन बसा आणि माझे हे तीन क्लू घाला. तिन्हींचं उत्तर एकच आहे, मी मुद्दाम तसे बांधले आहेत. विषय : 'पूर'ने संपणारी गावं.

पहिला, २०० डॉलरचा : "चादरींसाठी नावाजलेलं हे शहर."

दुसरा, १,००० डॉलरचा : "मे १९३०मध्ये इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ पुकारला, पुढच्या जानेवारीत इथल्या चौघांना येरवड्यात फाशी दिली."

पहिला कुणालाही येईल. दुसऱ्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांचा इतिहास ठाऊक असेल तरच सुटेल. तुमच्या मुलाच्या पुस्तकात तो एका ओळीत असेल, नाहीतर नसेलही. आता तिसरा बघा :

"मे १९३०मध्ये मार्शल लॉ सोसलेलं हे शहर तळ्यातल्या सिद्धेश्वराचं."

इथे इतिहास माहीत नसला तरी सिद्धेश्वर हाताशी आहे. आणि तेही नसेल, तर वर विषयात 'पूर' आहेच : कोल्हापूर, नागपूर, पंढरपूर, सोलापूर, असं एकेक म्हणत गेलं की तळ्यातलं देऊळ कुठे आहे ते आठवतं. चांगला क्लू जिन्यासारखा असतो, एका बाजूला कठडा असतोच. जेपर्डीच्या लेखकांचं कौशल्य आहे ते या कठड्यात. माहितीच्या दोन टोकांपैकी एक तरी बहुतेकांच्या ओळखीचं असेल असं ते बघतात.

तुमचा मुलगा "मे १९३०" ऐकल्याबरोबर डोक्यातली यादी उलटीपालटी करू लागत असेल, आणि तेवढ्यात "तळ्यातल्या सिद्धेश्वराचं" हे शब्द त्याच्या कानांवरून निघून जात असतील. स्पर्धांमध्ये मुलांचा मी हाच घोटाळा होताना बघितला आहे. वाचनालयात दर मार्चमध्ये मी शाळकरी मुलांची स्पर्धा घेत असे. सगळ्यात जास्त पाठांतर असलेलं मूल सगळ्यात आधी हात वर करायचं, आणि पुष्कळदा वाक्य अर्ध्यात असायचं.

आणखी एक. २०१९मध्ये जेम्स हॉल्झहावर नावाचा खेळाडू सलग ३२ वेळा जिंकला. एका दिवसात १,३१,१२७ डॉलर कमावण्याचा विक्रम त्याचाच. त्याने तयारी कशी केली? वाचनालयातल्या बालविभागात बसून. ज्या विषयाची गोडी नाही त्यावरची मुलांसाठी लिहिलेली, चित्रांची पुस्तकं त्याने वाचली. हे मी ऐकलं तेव्हा दुसऱ्या दिवशी बालविभागात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मिठी मारली होती. आणि त्याला हरवलं कुणी, तर शिकागो विद्यापीठातल्या एका ग्रंथपाल बाईंनी. त्यांनी पदव्युत्तर शिक्षणात प्रबंधच जेपर्डीच्या क्लूंवर लिहिला होता : नुसत्या शब्दरचनेवरून क्लू सोपा की अवघड हे ओळखता येतं का? म्हणजे बाईंनी उत्तरांच्या आधी प्रश्नांचा अभ्यास केला होता. मुलाला त्या जाडजूड पुस्तकाबरोबर गोष्टीरूप इतिहासाची चार पातळ पुस्तकं आणून द्या. आणि रोज एक क्लू स्वतः बांधायला सांगा, त्याच्या आजीला घालायला.

ताई, मी एडिसनला मुलाकडे असते. दोन्ही नातवंडं जेपर्डी बघताना पटापट उत्तरं देतात. मला एकही येत नाही. वाईला शाळेत पहिला नंबर असायचा माझा. आता त्यांच्यासमोर बसायची लाज वाटते, म्हणून त्या वेळेला मी स्वयंपाकघरात काम काढते. — एक आजी, एडिसन

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या सासूबाईही वाईच्याच, म्हणून तुम्हाला त्यांच्याविषयी सांगते.

सासरे गेले आणि १९९१मध्ये त्या आमच्याकडे आल्या. शिक्षण मराठी सातवी, व्हर्नाक्युलर फायनल पास. इंग्रजी म्हणजे फक्त मोठी लिपी, तीही रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवरून उचललेली. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो सात वाजता टीव्हीसमोर बसायचा, त्याच्या शेजारी या वाती वळत बसायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "अगं, हे वाचता येतंय मला." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फळ्यावरचा प्रत्येक क्लू निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, सगळाच्या सगळा मोठ्या लिपीत असतो. छोट्या लिपीतलं बी आणि डी ओळखताना त्यांची तारांबळ व्हायची, ती इथे होत नव्हती. वाठार स्टेशनच्या पाटीसारखंच ते होतं.

मग त्यांनी वही घातली. जुन्या डायरीची उरलेली पानं. रोज दिसलेले शब्द देवनागरीत लिहायच्या. महिनाभरात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं तो कार्यक्रम बघूनही मला दिसली नव्हती. म्हणाल्या, "बघ, जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक 'धिस' असतं. धिस रिव्हर. धिस किंग. धिस कंट्री. ते धिस सापडलं की काय विचारतायत ते कळतं, बाकीचं नंतर." खरोखर आहे तसंच. मोकळी जागा भरायला ते 'धिस' ठेवलेलं असतं, आणि त्याच्या पुढचा शब्द सांगतो की नदी हवी, राजा हवा की गाव. त्या दिवसापासून आमच्या घरात म्हणच पडली : धिस कुठंय? मुलगा गणितात अडला की त्या त्याच्या पुस्तकावर वाकून विचारायच्या, "धिस कुठंय?" आज तो मोठा झालाय, तरी कागदपत्रं वाचताना तेच म्हणतो.

३० नोव्हेंबर २००४, मंगळवार. त्या वर्षी केन जेनिंग्ज नावाचा तरुण सलग ७४ भाग जिंकला होता. आजपर्यंत कुणी तो आकडा गाठलेला नाही. सासूबाई त्याला "आपला केन" म्हणायच्या. त्या दिवशी शेवटचा क्लू आला. विषय उद्योगव्यवसाय. क्लूचा अर्थ असा : या कंपनीचे ७०,००० हंगामी व्हाइट कॉलर कर्मचारी बहुतेक करून वर्षातले चारच महिने काम करतात.

स्पर्धक उत्तर लिहीत असताना वाजते ती तीस सेकंदांची धून सुरू झाली. सासूबाईंनी चष्मा वर केला. "धिस फर्म," त्या म्हणाल्या. "फोर मंथ्स." मग बोटं मोजली : जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. "अगं, हे आपल्या बाळाचं हापिस!"

माझे यजमान हिशेबनीस. इथे आयकराचे कागद १५ एप्रिलपर्यंत भरायचे असतात. दर जानेवारीत ते संध्याकाळच्या वेळेला लोकांचे कर भरून देणाऱ्या एका कंपनीत काम धरायचे आणि एप्रिल संपताना सोडायचे. त्या चार महिन्यांत ते रात्री दहाला घरी येत, सासूबाई ताट झाकून जाग्या बसत. आईला मुलाचे चार महिने ठाऊक होते. त्या कंपनीचं नाव त्यांनी जे घेतलं, एच अँड आर ब्लॉक, तेच बरोबर होतं.

केनने लिहिलं होतं फेडएक्स. चूक कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. हंगामी माणसं म्हटल्यावर नाताळात पार्सलं पोचवणारे डोळ्यांसमोर येतात. पण क्लूमध्ये 'व्हाइट कॉलर' होतं, म्हणजे टेबलावर बसून करायचं काम. आणि नाताळचा हंगाम काही चार महिने चालत नाही. दोन्ही कठडे होते. इतक्या हुशार माणसाच्या हातून ते सुटले, कारण त्या कामाशी त्याचा संबंध आला नव्हता. सासूबाईंचा आला होता, झाकलेल्या ताटातून. त्या जिंकल्याच्या आनंदात नव्हत्या, केन हरला म्हणून त्यांचे डोळे भरले होते. वहीत त्या रात्री एवढंच लिहिलेलं आहे : "केन गेला. मला येत होतं."

तेव्हा काकू, तुम्हाला येत नाही असं नाही. नातवंडांना जी माहिती आहे ती त्यांच्या शाळेची, त्यांच्या टीव्हीची. तुमची वेगळी आहे, आणि तीही या फळ्यावर चालते. शब्दांच्या उगमावरचे क्लू तिथे नेहमी असतात. आज नातवंडांना हे घाला : "सापाशी लढणाऱ्या या प्राण्याचं इंग्रजी नाव मराठीतून आलं." मंगूस म्हणजे आपलं मुंगूस! मग विचारा, झोपायच्या 'कॉट'मध्ये कुठला शब्द लपलाय? खाट. केसांना लावायचा 'शाम्पू' कुठून आला? चंपीतला चांपो. जंगल, लूट, पंडित, ही तर सरळच आपली. ती दोघं तोंडात बोट घालतील बघा. आणि सात वाजता स्वयंपाकघरात जाऊ नका. शेंगा सोलायच्या असतील तर टोपली घेऊन टीव्हीसमोर बसा आणि पहिला आठवडा फक्त 'धिस' शोधा.

मावशी, मी सिअ‍ॅटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २९. घरी बसून निम्म्याहून जास्त क्लू येतात. खरंच जायचंय. कसं जायचं, आणि बझरचं एवढं काय असतं? — एक भाचा

जा. मला आनंद होईल.

आधी ऑनलाइन चाचणी असते, केव्हाही देता येते. पन्नास क्लू, प्रत्येकाला पंधरा सेकंद. त्यातून पुढे गेलास तर झूमवर आणखी एक चाचणी, मग लुटुपुटूचा खेळ. त्यात बझर म्हणून टिकटिक करणारं बॉलपेन धरायला सांगतात. निवड झाली तरी बोलावणं कधी येईल सांगता येत नाही. चित्रीकरण लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीत, एका दिवसात पाच भाग. म्हणून येताना कपड्यांचे जादा जोड आणायला सांगतात : सकाळी जिंकलास तर सदरा बदलून लगेच 'दुसऱ्या दिवशी'चा खेळ. त्या दिवशीच्या स्पर्धकांतून कुणी कोणत्या खेळात उभं राहायचं ते चिठ्ठ्या काढून ठरतं.

आता बझर. घरी बसून तुला जे येतं ते तिथल्या तिघांनाही येत असतं, हे आधी मनाशी धर. मग फरक पडतो तो अंगठ्याने. निवेदक क्लूचं शेवटचं अक्षर उच्चारत नाही तोवर बझर बंद असतात. तो थांबला की एक माणूस कळ फिरवतो, फळ्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागतात आणि बझर उघडतात. त्याआधी दाबलंस तर पाव सेकंद तुझा बझर मुका. पाव सेकंद ऐकायला काही वाटत नाही, पण तेवढ्यात शेजारचा घेऊन जातो. १९८५पूर्वी असं नव्हतं, क्लू दिसल्याबरोबर दाबता यायचं. मग अर्ध्या वाक्यातच घंटा वाजे आणि घरी बसलेल्यांना क्लू वाचताही येत नसे. नियम बदलला ते फार चांगलं केलं. दिव्यांकडे बघून दाबायचं की निवेदकाच्या आवाजावर, यावर खेळाडूंची दोन मतं आहेत. तू तबल्याला बसायचास असं लिहिलंयस, तर आवाजावर जा. सम कुठे येणार हे तुझ्या अंगात असेल.

आणि पैज. पुष्कळ हुशार माणसं इथे मार खातात, म्हणून वरचाच भाग परत घेते. केन जेनिंग्जकडे शेवटच्या क्लूच्या आधी १४,४०० डॉलर होते, त्याच्या शेजारच्या स्पर्धक नॅन्सी झर्ग यांच्याकडे १०,०००. झर्गनी सगळे लावून दुप्पट केले असते तर २०,००० झाले असते. म्हणून केनने लावले ५,६०१, म्हणजे बरोबर आला तर २०,००१. झर्गनी लावले ४,४०१, म्हणजे १४,४०१, केनच्या होत्या त्या रकमेहून एक जास्त. दोघांनीही तो वरचा एक डॉलर सोडला नाही. आहेराच्या पाकिटात आपण एकावन्न, एकशे एक घालतो ना, त्या वरच्या रुपयासारखाच हा. केन ८,७९९वर आला, झर्ग जिंकल्या. जायच्या आधी ही बेरीज-वजाबाकी धून वाजायच्या आत करता येते का ते रोज बघ.

खेळात मिळवलेले पैसे तिघांपैकी फक्त जिंकणाऱ्यालाच मिळतात. दुसऱ्याला ३,००० आणि तिसऱ्याला २,००० डॉलर ठरलेले.

आता सगळं संगणकालाच येतं, मग माणसांची प्रश्नमंजूषा कशाला बघायची? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

संगणक जेपर्डीत येऊन गेलाय. फेब्रुवारी २०११मध्ये आयबीएमचा 'वॉटसन' केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांसमोर उभा राहिला आणि जिंकलाही : ७७,१४७ डॉलर, त्यांचे २४,००० आणि २१,६००. पण पहिल्या सामन्याच्या शेवटच्या क्लूला काय झालं ते ऐक. विषय होता अमेरिकेतली शहरं. क्लू असा, की या शहराचा सर्वांत मोठा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातल्या वीराच्या नावाचा आहे आणि दुसरा मोठा त्याच युद्धातल्या लढाईच्या. ओहेअर आणि मिडवे, म्हणजे शिकागो. वॉटसनने लिहिलं टोरांटो, पुढे पाच प्रश्नचिन्हं. टोरांटो कॅनडात आहे! जेपर्डीत विषयांची नावं कोटीबाज असतात, म्हणून यंत्राने त्या नावांना फारसा भाव द्यायचा नाही असं शिकून घेतलं होतं. नेमक्या त्याच वेळी सगळा कठडा विषयाच्या नावात होता. अर्थात त्याने पैज अवघ्या ९४७ डॉलरची लावली होती, म्हणजे आपली खात्री नाही एवढं त्याला कळत होतं, आणि तेवढं मला त्याचं कौतुक आहे. पण बघायचं कशाला, याचं उत्तर सासूबाईंच्या वहीत आहे, ते वर वाच.

कुणी मराठी आडनावाचं जिंकलंय का? — दोन मैत्रिणी, सातारा

हो. योगेश राऊत. २०२४मध्ये विजेत्यांचीच जी स्पर्धा होते ती त्यांनी जिंकली, अडीच लाख डॉलर. पुढच्या वर्षी त्याहून वरची 'मास्टर्स'ही जिंकली. पडद्यावर निळ्या पट्टीवर त्यांच्या अक्षरात 'योगेश' दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

जुने निवेदक वारले तेव्हा माझी अमेरिकेतली बहीण फोनवर रडली. टीव्हीवरच्या माणसासाठी इतकं? — एक ताई, कोल्हापूर

इतकं. अ‍ॅलेक्स ट्रेबेक १९८४पासून रोज अर्धा तास आमच्या घरी होते, आठ हजार दोनशेहून जास्त भाग. मार्च २०१९मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की स्वादुपिंडाचा कर्करोग झालाय, चौथी पायरी. तरी काम थांबवलं नाही. ८ नोव्हेंबर २०२०ला ते गेले, त्याच्या दहा दिवस आधीपर्यंत ते त्या फळ्याजवळ उभे होते. चुकलेल्या स्पर्धकाला ते कधी हिणवत नसत. "नाही" असं म्हणताना आवाज थोडा खाली आणत, जणू त्यांनाच वाईट वाटलंय.

एक प्रसंग सांगते, म्हणजे बहिणीचं रडणं कळेल. नोव्हेंबर २०१९. त्यांच्यावर पुन्हा उपचार सुरू होणार होते. विजेत्यांच्या स्पर्धेत ध्रुव गौर नावाचा ब्राउन विद्यापीठातला विद्यार्थी होता, आपल्याकडचंच मूळ असलेला. शेवटच्या क्लूचं उत्तर त्याला येत नव्हतं. त्याच्याजवळ २,००० डॉलर होते. तीस सेकंद संपले, ट्रेबेक त्याच्याकडे वळले आणि पाटीवरचं वाचू लागले. तिथे उत्तर नव्हतं. नियमाप्रमाणे प्रश्नाच्या रूपात त्याने लिहिलं होतं : व्हॉट इज, वुई लव्ह यू, अ‍ॅलेक्स. 'लव्ह'च्या जागी बदामाची खूण.

ट्रेबेक यांचा आवाज घशात अडकला. त्यांनी आभार मानले, आणि मग निवेदकाचं काम होतं ते केलं : पैज किती लावली ते बघितलं. १,९९५ डॉलर. उत्तर चूक धरलं गेलं. ध्रुवजवळ पाच डॉलर उरले, आणि तो हसत होता.